मेपलच्या काठीवरील डाग

पूल या खेळांत ज्या काठीनें गोट्या मारतात, तिचा पुढील निमुळता भाग बहुधा मेपलच्या लांकडाचा असतो. अमेरिकेच्या ईशान्येकडे ज्याच्या रसाचा गोड पाक करतात, तोच हा वृक्ष. त्याच्या खोडाचा बाहेरील भाग फिकट पांढरा, गाभा मात्र तपकिरी. गिऱ्हाईक शुभ्र काठी मागतें व एखादी करडी किंवा हिरवट रेघ दिसतांच नाक मुरडतें. वस्तुतः झाडाला इजा झाली म्हणजे तेथें खनिज द्रव्यें सांठून अशा रेघा उमटतात. तेवढ्यानें काठी सहसा दुबळी होत नाहीं. खरें भय निराळेंच आहे. लांकडाचे तंतु टोकापर्यंत सरळ न जातां तिरपे बाहेर पडले असतील, तर निष्कलंक काठीहि वांकते वा मोडते. नागमोडी तंतु डोळ्यांना मोहवितात. पण त्यांची जागा मागील जाड भागांत. तेव्हां काठी उजेडांत फिरवून तंतूंची दिशा पाहावी. शाळेंत असतांना शाईच्या डागांसाठीं मीं कित्येक उत्तम वह्यांचे गुण कापले. ही परीक्षा मला फार उशिरां कळली.