आण्विक विद्युतचुंबकीय स्पंदाचे वीजजाळ्यावरील परिणाम

आण्विक विद्युतचुंबकीय स्पंद म्हणजे अण्वस्त्राच्या स्फोटातून निर्माण होणारा तीव्र व अल्पकाळ टिकणारा विद्युतचुंबकीय आघात होय. स्फोट जमिनीलगत झाल्यास त्याचा हा परिणाम मुख्यतः जवळच्या परिसरापुरता राहतो. स्फोट सुमारे ३० किलोमीटरपेक्षा अधिक उंचीवर झाल्यास उष्णता आणि धक्कालाट यांचा उपद्रव जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. स्पंद मात्र शेकडो ते हजारो किलोमीटरच्या प्रदेशावर एकाच वेळी पडतो. लांब पारेषण वाहिन्या, मोठी रोहित्रे आणि त्यांचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांमुळे वीजजाळे अर्थात ग्रिड या स्पंदाला विशेष बळी पडू शकते. युद्धात असा स्पंद आजवर वापरला गेलेला नाही. त्याच्या परिणामांविषयीचे ज्ञान १९६२ मधील उच्चांशीय चाचण्या, प्रयोगशाळेतील तपासण्या आणि सूर्यामुळे उद्भवणारी भूचुंबकीय वादळे यांवर आधारलेले आहे. अशा वादळाची एक ऐतिहासिक नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झालेली आहे.

## निर्मिती आणि व्याप्ती

स्फोटातून बाहेर पडणारे गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरातील, साधारणतः २० ते ४० किलोमीटर उंचीवरील, हवेच्या रेणूंवर आदळतात आणि त्यांतून इलेक्ट्रॉन मुक्त करतात. हे वेगवान इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वळतात व त्यांच्या या वळणातून विद्युतचुंबकीय लहर उत्सर्जित होते. स्फोटबिंदूपासून क्षितिजापर्यंतचा सर्व भूभाग या लहरीच्या टप्प्यात येतो. स्फोट १०० किलोमीटर उंचीवर झाल्यास ही त्रिज्या सुमारे १,१०० किलोमीटर, तर ४०० किलोमीटर उंचीवर झाल्यास सुमारे २,२०० किलोमीटर भरते. संपूर्ण महाराष्ट्र यांपैकी पहिल्या वर्तुळातही सहज सामावतो. क्षेत्राची तीव्रता मात्र या वर्तुळात सर्वत्र सारखी नसते. उत्तर गोलार्धात ती स्फोटबिंदूच्या दक्षिणेस सर्वाधिक असते आणि कडेला घटत जाते.

## स्पंदाचे तीन घटक

ई-१ हा सर्वांत वेगवान घटक आहे. तो काही नॅनोसेकंदांत शिखर गाठतो आणि मायक्रोसेकंदाच्या आत ओसरतो. संरक्षणविषयक आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे शिखरमूल्य मीटरमागे ५०,००० व्होल्ट इतके धरले जाते. रिले, दूरनियंत्रण यंत्रणा, संगणक आणि संदेशवहनाची उपकरणे यांना मुख्य धोका याच घटकापासून असतो. उघड्या वितरण वाहिन्यांवर यामुळे इतका दाब प्रवर्तित होऊ शकतो की चिनीमातीच्या इन्सुलेटरवरून ठिणगी पडते.

ई-२ हा घटक मायक्रोसेकंदापासून सेकंदापर्यंत टिकतो व त्याचे स्वरूप विजेच्या कडकडाटातून येणाऱ्या दाबासारखे असते. वीजजाळ्यात तडितरोधक बसविलेले असल्याने एकट्या ई-२ चा धोका कमी मानला जातो. ई-१ मुळे संरक्षक उपकरणे आधीच निकामी झाली असतील तर मात्र तो वाढतो.

ई-३ हा सर्वांत संथ घटक असून तो कित्येक सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकतो. स्फोटातील आयनीभूत पदार्थाचा गोळा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला ढकलतो आणि तापलेले आयनीभूत वातावरण वर सरकते. या दोन कारणांनी जमिनीवर संथपणे बदलणारे विद्युतक्षेत्र निर्माण होते. त्याची तीव्रता किलोमीटरमागे काही व्होल्ट ते काही दशक व्होल्ट इतकीच, म्हणजे ई-१ च्या तुलनेत नगण्य असते. असे असूनही शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांच्या दृष्टीने हाच घटक सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो.

## रोहित्रांवरील परिणाम

उच्चदाब रोहित्रांचा तटस्थ बिंदू जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे दोन उपकेंद्रांमधील वाहिनी, दोन्ही टोकांची रोहित्रे आणि मधली जमीन मिळून एक बंद मंडल तयार होते. समजा, २०० किलोमीटर लांबीच्या वाहिनीवर किलोमीटरमागे १० व्होल्टचे क्षेत्र आहे. तेव्हा या मंडलात २,००० व्होल्टचा जवळजवळ एकदिश दाब उत्पन्न होतो. मंडलाचा एकूण रोध ५ ओहम धरल्यास ४०० अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि तो तीन फेजांमध्ये विभागला जातो. वाहिनीच्या नेहमीच्या प्रवाहाच्या मानाने हा आकडा मोठा नाही. परंतु रोहित्राची रचना ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहासाठी केलेली असते. फेजमागे काही दशक अँपिअरचा एकदिश प्रवाहही त्याचा गाभा प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात चुंबकीयदृष्ट्या संपृक्त करू शकतो.

संपृक्ततेचे परिणाम तीन प्रकारचे असतात. पहिला, रोहित्र जाळ्यातून मोठ्या प्रमाणावर प्रतिघाती शक्ती ओढू लागते व त्यामुळे दाब कोसळतो. दुसरा, विद्युतलहरीत विकृती शिरते. या विकृतीमुळे संरक्षक रिले चुकीचा निर्णय घेऊन निरोगी उपकरणेही बंद करतात. तिसरा, गाभ्याबाहेर पसरलेले चुंबकीय क्षेत्र टाकीचे व वेटोळ्यांचे काही भाग तापविते आणि विद्युतरोधक कागद व तेल खराब करते. गाभ्याची रचनाही येथे महत्त्वाची असते. एकफेजी रोहित्रे तीन दांड्यांच्या गाभ्याच्या त्रिफेजी रोहित्रांपेक्षा लवकर संपृक्त होतात. भारतातील ७६५ किलोव्होल्ट उपकेंद्रांत वजन व वाहतुकीच्या सोयीसाठी एकफेजी रोहित्रेच वापरली जातात. मात्र त्याच पद्धतीमुळे उपकेंद्रात एक सुटे एकक राखून ठेवणेही शक्य होते.

## ऐतिहासिक नोंदी

९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटन शक्तीचा 'स्टारफिश प्राइम' हा चाचणीस्फोट केला. सुमारे १,४५० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर यामुळे सुमारे ३०० पथदिवे बंद पडले आणि दूरध्वनीची एक सूक्ष्मलहरी जोडणी निकामी झाली. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर सुमारे २९० किलोमीटर उंचीवर स्फोट केला. स्पंदाचा परिणाम लोकवस्तीच्या भूभागावरील लांब तारांवर कसा होतो, हे या चाचणीत दिसले. ५७० किलोमीटर लांबीच्या दूरध्वनी वाहिनीचे संरक्षक फ्यूज उडाले आणि जमिनीखालून जाणारी सुमारे १,००० किलोमीटर लांबीची वीजकेबल बंद पडली. पुढील वर्षी झालेल्या अंशतः चाचणीबंदी करारानंतर अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या अशा चाचण्या थांबल्या. भारतानेही १९६३ मध्येच या करारावर स्वाक्षरी केली.

ई-३ सारखेच प्रवाह सूर्यावरील उद्रेकांमुळे येणाऱ्या भूचुंबकीय वादळांतही वाहतात. १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचे वीजजाळे सुमारे दीड मिनिटात कोसळले आणि सुमारे ६० लाख लोक जवळपास ९ तास विजेविना राहिले.

## कुलाब्याची नोंद आणि भारताचे अक्षांश

मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित निरीक्षणे घेतली जात होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी, कॅरिंग्टन घटना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादळात, तेथे क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. ही निरीक्षणे उपकरण डोळ्यांनी वाचून घेतलेली होती. कमी अक्षांशावरील इतकी मोठी घसरण क्वचितच नोंदली गेली असल्याने, तीव्रतम सौर वादळाचा अंदाज बांधताना जगभरातील संशोधक आजही या नोंदीचा आधार घेतात. पुढे मुंबईतील ट्राम विजेवर चालविण्याचे ठरल्याने निरीक्षणांत अडथळा येऊ नये म्हणून नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलविण्यात आली. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

सौर वादळांचा जोर ध्रुवीय प्रदेशांत अधिक असतो. चुंबकीय विषुववृत्ताजवळ असलेल्या भारताला त्यामुळे बऱ्याच अंशी नैसर्गिक संरक्षण मिळते आणि क्वेबेकसारखा अनुभव भारतीय जाळ्याला आलेला नाही. आण्विक स्पंदाच्या बाबतीत हे संरक्षण लागू पडत नाही. ई-३ च्या उत्तरार्धातील क्षेत्र, तापलेले वातावरण चुंबकीय रेषांना छेदून वर सरकल्याने निर्माण होते. कमी अक्षांशांवर या रेषा क्षितिजाला अधिक समांतर असल्यामुळे हे क्षेत्र तेथे अधिक प्रबळ होऊ शकते. सौर वादळांपासून सुरक्षित असलेला प्रदेश स्पंदापासूनही सुरक्षित असेल, असे मानता येत नाही.

## महाराष्ट्र आणि खानदेश

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण विभाग उर्वरित देशाशी जोडला गेला. तेव्हापासून संपूर्ण भारताचे जाळे एकाच वारंवारतेवर चालते. यामुळे एका भागातील तूट दुसरा भाग भरून काढतो. परंतु मोठा बिघाडही दूरवर पसरू शकतो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील जाळे कोसळले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाला झळ बसली होती. पश्चिम विभाग त्या वेळी बचावला. तो बिघाड भारामुळे झाला होता व उपकरणे शाबूत होती, म्हणूनच पुरवठा काही तासांत पूर्ववत झाला. स्पंदानंतर असे गृहीत धरता येत नाही.

खानदेशात धुळे येथे ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र असून ते औरंगाबाद व वडोदरा यांच्याशी त्याच दाबाच्या लांब वाहिन्यांनी जोडलेले आहे. भुसावळजवळ दीपनगर येथे महानिर्मिती कंपनीचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्यात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला यावल तालुका या केंद्रापासून जवळच आहे. तथापि वीजकेंद्र जवळ असणे म्हणजे वीज मिळण्याची हमी नव्हे. कोळसा दळणारी यंत्रे, पंखे आणि पाण्याचे पंप चालल्याशिवाय औष्णिक संच सुरू होत नाही, आणि जाळे पूर्ण बंद असताना ही वीज बाहेरूनच आणावी लागते. कोळसा रेल्वेने येतो आणि भुसावळमार्गे जाणारी रेल्वे विजेवर चालते. अशा वेळी प्रारंभ जलविद्युत केंद्रांपासून करावा लागतो, कारण त्यांना सुरू होण्यासाठी फार थोडी वीज लागते. राज्यात कोयना प्रकल्पाचे महत्त्व या दृष्टीनेही मोठे आहे. तेथून एकेक वाहिनी भारित करीत औष्णिक केंद्रांपर्यंत पोहोचण्यासाठी मधली रोहित्रे व रिले शाबूत असणे आवश्यक असते.

यावल व रावेर हे केळीचे तालुके आहेत. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथील बागा प्रामुख्याने खोल विहिरी व कूपनलिकांवरील विद्युतपंप आणि ठिबक सिंचन यांवर उभ्या आहेत. उन्हाळ्यात या भागाचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि केळीला पाण्याचा दीर्घ खंड सोसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळयोजनाही पंपांवरच चालतात. काही तासांचे भारनियमन साठवणीच्या टाक्यांवर निभावते. कित्येक आठवड्यांच्या अंधारात मात्र पिकाआधी पाण्याचाच प्रश्न उभा राहतो. स्वतंत्र सौरपंप लांब वाहिन्यांना जोडलेले नसल्याने ई-३ पासून मुक्त असतात. त्यांच्या नियंत्रकातील इलेक्ट्रॉनिक भागांना ई-१ चा धोका मात्र राहतो.

## तीव्रतेविषयी मतभेद

नुकसान किती होईल याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेच्या संसदेने नेमलेल्या आयोगाने २००४ व २००८ च्या अहवालांत दीर्घकाळ वीज बंद राहण्याची शक्यता वर्तविली होती. अमेरिकेतील विद्युत ऊर्जा संशोधन संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रादेशिक पातळीवर दाब कोसळणे शक्य असले तरी ई-३ मुळे थेट निकामी होणाऱ्या मोठ्या रोहित्रांची संख्या मर्यादित राहील, असा निष्कर्ष काढला. मोठी रोहित्रे मागणीनुसार बनवावी लागतात व त्यांच्या निर्मितीस अनेक महिने लागतात, याविषयी मात्र दुमत नाही. त्यामुळे थोडी रोहित्रे जळाली तरी पुरवठा पूर्ववत होण्यास लागणारा काळ बराच वाढू शकतो.

## संरक्षणाचे उपाय

* तडितरोधक: वितरण रोहित्राच्या अगदी जवळ बसविलेले तडितरोधक ई-१ पासूनही बऱ्याच प्रमाणात संरक्षण देतात. ग्रामीण भागात ते सुस्थितीत ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून पावसाळ्यातील विजांपासूनही त्याचा लाभ होतो.
* आवरण व गाळण्या: नियंत्रण कक्षांना धातूचे अखंड आवरण देणे आणि आत जाणाऱ्या तारांवर गाळण्या बसविणे, शक्य तेथे तांब्याच्या तारांऐवजी प्रकाशतंतू वापरणे.
* तटस्थ बिंदूवरील अटकाव: रोहित्राचा तटस्थ बिंदू व जमीन यांच्यामध्ये धारित्र बसविल्यास एकदिश प्रवाह अडतो.
* सुटे साहित्य: राखीव रोहित्रे व रिले ठेवणे. जाळ्याला न जोडलेले रोहित्र ई-३ पासून सुरक्षित राहते.
* पुनःप्रारंभाचा सराव: जलविद्युत केंद्रांतून जाळे पुन्हा उभे करण्याची नियमित रंगीत तालीम, तसेच रुग्णालये व पाणीपुरवठा योजनांसाठी जनित्रे आणि इंधनसाठा राखणे.

यांपैकी बहुतेक उपाय वादळ, पूर, सायबर हल्ला किंवा साधा यांत्रिक बिघाड अशा अधिक संभाव्य आपत्तींतही उपयोगी पडतात.

## हे सुद्धा पहा

* भूचुंबकीय वादळ
* कुलाबा वेधशाळा
* भुसावळ औष्णिक विद्युत केंद्र
* कोयना जलविद्युत प्रकल्प
* रोहित्र