इनिट बदललं आणि लिनक्स उठेना? आधी ‘कुठपर्यंत आलं’ ते बघा

लॅबमधलं जुनं डेबियन 7 चं मशीन डेबियन 8 वर नेलं की इनिट सिस्टमही बदलते. 2015 मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून सिसव्ही इनिटच्या जागी सिस्टमडी डीफॉल्ट झालं. समजा, रीबूट केलं आणि मशीन अडकलं. आत तुमच्या प्रबंधाचा डेटा. अशा वेळी नेटवर सापडेल ती कमांड मारावीशी वाटते, नाहीतर सरळ फॉरमॅट. थांबा. आधी एवढंच बघा, की मशीन नेमकं कुठपर्यंत आलं?

बूट टप्प्याटप्प्याने होतं. फर्मवेअर ग्रबला सुरू करतं, ग्रब कर्नलला मेमरीत आणतं, मग रूट डिस्क जोडली जाते आणि शेवटी इनिट सुरू होतं. इनिट म्हणजे प्रोसेस क्रमांक 1. लॉगिन, नेटवर्क, बाकी सगळ्या सर्व्हिसेस तिच्या हाताखाली. इनिटचा बदल झालाय तो या शेवटच्या टप्प्यात. ग्रबचा मेनू दिसतोय, कर्नलचे मेसेज येतायत, तर ग्रब पुन्हा बसवून काहीच हाती लागणार नाही.

मेसेज दिसत नसतील तर ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतला ‘क्वाएट’ शब्द काढा आणि बूट करा. हा बदल फक्त त्या बूटपुरता असतो, त्यामुळे बिनधास्त करा.

आता साधारण दोन गोष्टी दिसतील.

1. इनिट सापडत नाही असा मेसेज. म्हणजे जुनं पॅकेज निघालं, नवं नीट बसलं नाही. लाइव्ह यूएसबीवरून बूट करा. आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा, मगच क्रूट करून पॅकेज पुन्हा बसवा.

2. दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड. इथे इनिट चालू आहे. अडलंय दुसरंच काहीतरी. बऱ्याचदा ते एफएसटॅब फाइलमध्ये असतं. तिथे नोंदवलेली, पण आता काढून ठेवलेली एखादी बाहेरची डिस्क. सिसव्ही इनिट अशी डिस्क मिळाली नाही तरी पुढे जायचं. सिस्टमडी डीफॉल्टने 90 सेकंद वाट बघतं आणि बूट थांबवतं. म्हणजे चूक जुनीच होती, ती दिसली आत्ता! रूटचा पासवर्ड देऊन आत जा, ‘जर्नलसीटीएल’ला ‘-बी’ जोडून या बूटचा लॉग वाचा (टाइप अर्थात रोमनमध्येच करायचं), आणि त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घाला.

एका वेळी एकच बदल, मग रीबूट, मग वहीत नोंद. तीन बदल एकदम केले आणि मशीन उठलं, तर कशामुळे उठलं हे कळतच नाही. प्रयोग फसल्यावरही हेच करायचं असतं. शेवटचा नीट चाललेला टप्पा कोणता, ते ठरवा आणि तिथून पुढे शोधा.