मान राखून दिलेला हात

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात पुण्याला शिकायला आलेल्या गरीब मुलाला फीच्या आधी जेवणाचा घोर असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लागले की निम्मं शिक्षण झाल्यासारखंच. वार न मिळालेली मुलं माधुकरी मागत. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतल्या कितीतरी घरांनी स्वतःची ओढाताण सांभाळून ही जबाबदारी वर्षानुवर्षं निभावली. या पद्धतीत मला मोल वाटतं ते तिच्या ठरलेपणाचं. आज बुधवार, म्हणजे आपलं पान अमक्या वाड्यात, हे मुलाला ठाऊक असे आणि वाड्यातल्या बाईंनाही. रोज नव्यानं तोंड वेंगाडायची पाळी त्याच्यावर येत नसे.

अर्थात सगळं गोड नव्हतं. काही घरांत वाराच्या मुलाचं पान कोपऱ्यात मांडलं जाई, त्यात कालचं उरलेलंही पडे. शिवाय ही सोय बव्हंशी ब्राह्मण मुलांपुरतीच होती. ज्यांचा विटाळ मानला जाई, त्यांना याच गावात सार्वजनिक हौदावर पाणीही भरू देत नसत. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. कुणी पाणी मागायला यायचं आणि आपण वरून ओतायचं, हे त्यांनी ठेवलंच नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घागर बुडवावी. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. पुण्याच्या माणुसकीचा आढावा घ्यायचा तर पेठांतल्या पंक्तींइतकंच गंज पेठेतल्या या घराचं नाव घ्यावं लागतं, किंबहुना ते आधी घ्यावं.

वारांची पद्धत पुढे मागे पडली, पण तिची गरज संपली नव्हती. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांना तिथे राहायला-जेवायला मिळू लागलं आणि त्यांनी आपलीही कामं करायची, अशी शिस्त पडली. हमालांच्या बाबतीत हाच विचार बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू करून पुढे नेला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला पोटभर, ताजं आणि परवडेल असं जेवण मिळावं, एवढाच हेतू. अन्नछत्र नव्हे, रास्त दरातलं जेवण. पैसे मोजून जेवणारा माणूस भाजी खारट झाली तर तसं सांगू शकतो. फुकटचं खाणाऱ्याची जीभ तिथे अडखळते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आणि तरीही आषाढवारीत पुणं फुकट देतं, अगदी भरभरून देतं, पण घेणाऱ्याची मान खाली जात नाही. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. मुक्काम असेपर्यंत शाळा, मंगल कार्यालयं, वाड्यांचे ओटे, सोसायट्यांचे जिने वारकऱ्यांनी भरून जातात. कुठे पिठल्याची पातेली, कुठे गरम पाण्याच्या बादल्या. नाभिक रस्त्याकडेला खुर्च्या मांडून दाढ्या करतात, कुणी दुखरे पाय तेल लावून चोळून देतं. तिथेच एखादा चांभार भिजलेल्या चपलांच्या ढिगात बसलेला असतो. समोर एक म्हातारी एका पायावर उभी, तिच्या वहाणेचा अंगठा तुटलेला. तो दोरा मेणावरून ओढतो, आरीनं भोक पाडतो, चार टाके घालतो, वहाण स्वतःच तिच्या पायापुढे ठेवतो आणि वाकून पायांना हात लावतो. ती त्याला म्हणते ‘माउली’, तोही तिला ‘माउली’च म्हणतो. इथे देणाराच नमस्कार करतो. उपकाराचा हिशेब त्यामुळे उलटा होऊन जातो.

संकटात शहर धावून येतं, याच्या आठवणी पुण्यात पुष्कळ आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला; नदीकाठच्या पेठा बुडाल्या, नळ कोरडे पडले आणि वाड्यांतल्या जुन्या विहिरींवर पुन्हा रहाट फिरू लागले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घराघरांत घुसलं, तेव्हाही शेजाऱ्यांना आधी शेजाऱ्यांनीच ओढून बाहेर काढलं. त्या धैर्याला नमस्कारच आहे. पण पूर ओसरल्यावरचं काय? मुलं परदेशी गेलेल्या आजी-आजोबांच्या दाराला दहा वाजेपर्यंत दुधाची पिशवी लटकलेली दिसली, तर बेल दाबणारं कुणी आहे का, ही रोजची परीक्षा आहे. शेजारी एक किल्ली ठेवायची जुनी रीत कोथरूड-सहकारनगरच्या इमारतींत अजून टिकून आहे. नव्या उंच इमारतींत ती मुद्दाम रुजवायला हवी.

आणि रोज आपल्या दारात येणाऱ्या बाईंचं काय? कचरावेचकांची संघटना ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ ची. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. या बाया आपला कचरा हातानं निवडतात. फुटलेला ग्लास पिशवीत तसाच गेला की बोट कापतं. वापरलेलं सॅनिटरी पॅड उघडंच आलं की तेही त्यांनाच हाताळावं लागतं. म्हणून त्यांनी लाल ठिपक्याची मोहीम काढली: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. एवढं करायला किती वेळ लागतो? कितीतरी घरं त्यांना आपुलकीनं चहा देतात, पण त्यातली काही त्यांचा कप मोरीपाशी वेगळा ठेवतात. तो कप आपल्या कपांत यायला हवा. दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरच्या बरण्या, जुने बल्ब, तडकलेले आरसे बाहेर पडतात. ते वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहून वेगळे द्यावेत, आणि देताना मावशींना तोंडानंही सांगावं.