दोन गव्हाणी

कारखान्यात ऊस टाकतात तिलाही गव्हाण म्हणतात आणि म्हैस तोंड घालते तिलाही. मरळीच्या लोकनेते बाळासाहेब देसाई साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, की थोड्याच दिवसांत आमच्या पाटणच्या गोठ्यांतही वाडं दिसायला लागतं. ऊसतोडवाले उसाचे शेंडे छाटून पेंढ्या बांधतात. काही त्यांच्या बैलांपुढं पडतात, उरलेल्या विकतात. हिरवं, गोडसर आणि ऐन हिवाळ्यात दारात मिळणारं. नको कोण म्हणेल?

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. नुसत्या वाड्यावर जनावर ठेवू नका, हे गावोगावी सांगण्यात आयुष्य गेलं. आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात स्वतःची गाभण म्हैस दोन महिने वाड्यावर ठेवली. स्वस्त पडत होतं, दुसरं काय! म्हैस व्याली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठेना. मान कुशीकडं वळवलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा आला, त्यानं कॅल्शियमची बाटली हळूहळू शिरेतून सोडली. थोड्या वेळानं म्हैस धडपडत उभी राहिली. पोरगा हात धुता धुता म्हणाला, “डॉक्टर, वाडं जरा कमी करा की.” आमच्या घरात हे वाक्य अजून अधूनमधून ऐकू येतं.

व्यालेली म्हैस बसण्याला कारणं बरीच असतात. पण वाड्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. खाल्लेलं कॅल्शियम मग शेणावाटे निघून जातं. म्हणून आमच्याकडं जुनी माणसं वाड्याच्या कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडायची. त्यांना ऑक्झलेट माहीत नव्हतं, पण निवळीतून कॅल्शियम जात होतं. आता खनिज मिश्रणाची पुडी मिळते, तीही चालेल. पण वाड्याबरोबर निम्मी तरी दुसरी वैरण हवी.

शेतातलं उरलंसुरलं जनावराला घालणं ही काही आपलीच चाल नाही. अमेरिकेत मक्याचं इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा मांसासाठी पोसलेल्या गुरांना जातो, ब्राझीलमध्ये रस काढलेल्या संत्र्यांचा. कॅलिफोर्नियात गुरांना बदामाची बाहेरची साल घालतात. महाराष्ट्रात 2015च्या मार्चपासून गायीबरोबर बैल आणि वळूचीही कत्तल बंद आहे. तेव्हा मांसासाठी गोवंश पोसणं हा आपल्याकडं धंदाच नाही. आपल्या दावणीला उरलंसुरलं खाणारी जनावरं दुधाची, नाहीतर गाडी-नांगराची. पोट मात्र सगळीकडच्या गुरांचं सारखंच. कोठीपोटात अब्जावधी जिवाणू असतात. माणसाला न पचणारी काडी ते आंबवतात, तिच्यावर वाढतात आणि शेवटी स्वतःच जनावराचं प्रथिन होतात. आपण गव्हाणीत टाकतो ते आधी त्यांचं जेवण. ते उपाशी राहिले तर वरून कितीही सरकी घाला, पैसे शेणात गेले म्हणून समजा.

आमच्या तालुक्यात वाड्याहून जास्त भरवसा पिंजरावर. कोयनेच्या वरच्या अंगाला नवजा-कोयनानगरकडं वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथं भाताशिवाय काय येणार? पण भाताचं पिंजर म्हणजे निव्वळ पोट भरणं. प्रथिन जेमतेम तीन-चार टक्के, त्यात वाळूसारखी सिलिका. जनावर दिवसभर चघळतं आणि उन्हाळ्यात पाठीचा कणा मोजता येतो.

त्यावर युरियाची प्रक्रिया हा जुना, साधा उपाय आहे, आणि तो लोक का करत नाहीत हे मला नोकरीभर कळलं नाही. 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया, 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला. जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं, पिंजराचा थर द्यायचा, झारीनं पाणी शिंपडायचं आणि पायानं दाबायचं. असे थर रचून वरून प्लास्टिकनं हवाबंद झाकायचं. 21 दिवस हात लावायचा नाही. आत युरियाचा अमोनिया होतो, तो काडीचा कडकपणा सैल करतो, आणि प्रथिन सात-आठ टक्क्यांच्या घरात जातं. उघडल्यावर डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो. लागेल तेवढंच काढून तासभर पसरून ठेवायचं आणि मग गव्हाणीत. पहिले दोन दिवस म्हैस नाक मुरडते, नंतर चाटूनपुसून खाते.

एक जपायचं. युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात ठेवून चहाला जायचं नाही. तहानलेलं जनावर त्यात तोंड घालतं, आणि मग डॉक्टर येईपर्यंत वेळ उरत नाही.

पावसाळ्यात मला काळजी असते ती बुरशीची. गंज नीट शाकारली नाही की आतून पिंजर काळं पडतं, पांढरी भुकटी उडते. “जनावर निवडून खातं” असं म्हणून तेच पुढं टाकतात. भुकेलं जनावर निवडत नाही. पंजाबात बुरशी लागलेला भाताचा पेंढा खाऊन म्हशींच्या शेपटीचे आणि कानांचे शेंडे सुकून झडतात, खुरांजवळ जखमा होतात. त्या रोगाला डेगनाला म्हणतात. शेंगदाण्याच्या पेंडीचं तसंच. ओल धरलेल्या पेंडीतलं बुरशीचं विष दुधातही उतरतं, म्हणजे पुढं आपल्या चहात. कुबट वास आला की पेंड उकिरड्यावर टाका, जीव तुटला तरी.

यंदा भाताची मळणी झाली की सगळी गंज नको, 100 किलो पिंजराचाच एक ढीग युरिया लावून करून बघा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरा-रेडकांना मात्र हे युरियाचं पिंजर घालू नका.