उमरखेड ते न्यूयॉर्क : अंतर नकाशावरचे आणि देहाचे

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली आणि नातवंडांना पाहण्याची ओढ लागली, की घरात पहिला प्रश्न निघतो, 'विमानाला किती तास लागतात?' मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमान मिळाल्यास ते साधारण १५ ते १६ तासांत पार होते. ज्येष्ठांच्या प्रकृतीचा विचार करता मात्र हे उत्तर अपुरे आहे.

हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मांडावा. उमरखेडहून नांदेडपर्यंत सुमारे दोन तास, पुढे मुंबईपर्यंत रेल्वेचे साधारण १२ तास, विमानतळावरील चार तास, मग विमान आणि उतरल्यावर तपासणी होऊन घरी पोहोचेपर्यंत आणखी तीन. बेरीज ३६ तासांच्या पुढे जाते आणि त्यातील बहुतेक वेळ बसून जातो. म्हणून मुंबईत एक रात्र मुक्काम करून पुढे निघणे श्रेयस्कर.

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. विमानात दर एक-दोन तासांनी उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. तेथील हवा अतिशय कोरडी असते. स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज वा वेदना जाणवली, किंवा एकाएकी धाप लागली, तर तातडीने डॉक्टरांना गाठावे.

विमानातील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील ठिकाणासारखा असतो. त्यामुळे हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. इन्शुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. औषधे व त्यांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवावी. सामानाच्या कक्षात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते. झोपेची घडी बसायला आठवडाभर लागतो. परतीच्या, म्हणजे पूर्वेकडील प्रवासानंतर तो त्रास बहुधा अधिक जाणवतो.

सोबत्यांनी चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी. ती घेण्यात कमीपणा नाही. मोठ्या विमानतळांवर चालावे लागणारे अंतर धडधाकट माणसालाही दमवते.

आणि डॉक्टरांनी प्रवासास नकार दिला, तर भावनेच्या भरात तो डावलू नये. अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच असते. ते मुलांनाही पार करता येते.