जुन्या लॅपटॉपला वायफाय का सापडत नाही?

कल्याण–अहिल्यानगर रस्ता बेल्हे सोडल्यावर आणे घाट चढून पठारावर येतो. आणे, पेमदरा, नळवणे ही या पठारावरची गावे. इथली बरीच तरुण मंडळी नोकरीसाठी पुण्या-मुंबईला असतात. शहरातल्या मुलाने नवा लॅपटॉप घेतला की जुना गावी येतो. कधी घरी धाकट्या भावंडांसाठी, तर कधी शाळेला भेट म्हणून. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, अक्षरे टंकता येतात; पण इंटरनेट काही लागत नाही. मग ‘वायफाय चालत नाही, आता हा भंगारात घाला’ असा निकाल लागतो आणि दहा-बारा वर्षे चालू शकणारे यंत्र कपाटात जाऊन पडते. प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, पाठ्यपुस्तकांच्या ई-प्रती हे सारे संगणकावरून करायचे असताना ज्या मुलांना दुसरे यंत्र मिळण्याजोगे नाही, त्यांचे यात खरे नुकसान होते.

आम्ही अशी काही यंत्रे उघडून, तपासून पाहिली आहेत. बहुतेकांत मोडलेले असे काहीच नव्हते. ‘वायफाय चालत नाही’ या तीन शब्दांत चार-पाच निरनिराळे दोष एकत्र बांधलेले असतात, आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. आण्याच्या रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीची मोठी पंगत बसते. एखाद्याच्या पानात आमटी आली नाही म्हणून कोणी ‘स्वयंपाकच झाला नाही’ असे म्हणत नाही. आमटी कढईत आहे का, बादलीत भरली का, वाढपी या ओळीत आला का, हे क्रमाने पाहतो. वायफायच्या बाबतीतही तेवढाच धीर धरावयाचा आहे.

वायफाय म्हणजे रेडिओच

लॅपटॉपच्या पोटात एक लहानसे कार्ड असते. ते एकाच वेळी रेडिओचे प्रक्षेपण केंद्र आणि रेडिओ संच अशी दोन्ही कामे करते. त्याच्या लहरींची वारंवारता सुमारे २४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते: साधारण १२.५ सेंटिमीटर. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. नव्या यंत्रांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही वापरता येतो. तेथे तरंगलांबी ६ सेंटिमीटरच्या आसपास असते.

राउटर साधारण १०० मिलिवॅट एवढ्या शक्तीने लहरी सोडतो. मोकळ्या माळावर १०० मीटर अंतरावर लॅपटॉपच्या अँटेनाला त्यातला सुमारे दहा कोटीवा भाग मिळतो, म्हणजे एका वॅटचा अब्जावा हिस्सा. एवढ्यावरही काम चालते! मध्ये दगडी भिंत किंवा पत्र्याचे छप्पर आले मात्र की यातलेही बरेचसे नाहीसे होते.

पहिली खूण : एकही नाव दिसत नाही

वायफायची यादी उघडली आणि ती पूर्ण रिकामी दिसली, तर आधी कळ पाहावी. अनेक जुन्या लॅपटॉपच्या कडेला रेडिओ बंद करणारी एक सरकती कळ असते. काहींत ‘एफएन’ कळीबरोबर वरच्या ओळीतली एखादी कळ दाबावी लागते. धूळ पुसताना ती सरकते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

कळ ठीक असेल तर पाहावयाचा तो ड्रायव्हर. कार्ड म्हणजे केवळ वस्तू. तिला काय करायचे ते सांगणारी आज्ञावली संगणकात असावी लागते, ती म्हणजे ड्रायव्हर. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडल्यावर कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण दिसली, तर ड्रायव्हर नाही किंवा चुकीचा आहे असे समजावे. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकली की आत बसवलेल्या कार्डाची जात कळते. ही जात कळणे फार महत्त्वाचे. लॅपटॉपच्या झाकणावरचे नाव एका कंपनीचे आणि आतले कार्ड दुसऱ्याच कंपनीचे असते, आणि ड्रायव्हर शोधायचा तो कार्डाचा.

काही कार्डांना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरही लागते. ही कार्डाच्या स्वतःच्या लहानशा प्रोसेसरवर चालणारी आज्ञावली. दर वेळी यंत्र सुरू झाले की ती संगणकाने कार्डाला भरवायची असते. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या कार्डांच्या फर्मवेअरचे हक्क राखीव असल्यामुळे लिनक्सच्या बऱ्याच वितरणांना ते बरोबर देता येत नसे. त्यामुळे एक गमतीचा पेच पडे: इंटरनेट लागण्यासाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर मिळवण्यासाठी इंटरनेट हवे! त्यावर उपाय सोपा आहे. राउटरला तारेने जोडावे, किंवा मोबाइल यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टिथरिंग’ सुरू करावे. यंत्राला ती तारेची जोडणी वाटते आणि वायफाय नसतानाही ते जाळ्यावर येते. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२३ सालच्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-संचातच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला.

राउटरच्या अगदी जवळ गेल्यावरच नाव दिसत असेल, तर शंका अँटेनाची घ्यावी. कार्डापासून दोन बारीक तारा बिजागरीतून पडद्याच्या चौकटीत गेलेल्या असतात. झाकणाच्या उघडझापीने त्या तुटतात, किंवा दुरुस्तीच्या वेळी परत जोडायच्या राहून जातात.

दुसरी खूण : इतर नावे दिसतात, आपले दिसत नाही

येथे कार्ड, ड्रायव्हर आणि अँटेना तिन्ही ठीक आहेत हे सिद्धच झाले. दोष आहे तो वारंवारतेत. बहुतेक वेळा मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असतो आणि जुन्या कार्डाला फक्त २.४ ऐकू येते. आकाशवाणी मध्यम लहरींवर लावून एफएम केंद्र शोधण्यासारखेच हे! मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या मांडणीत पट्टा २.४ करावा. काही अँड्रॉइड फोनवर त्याला ‘एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी’ आणि आयफोनवर ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ असे नाव आहे. एवढ्या एका खुणेने सुरू झालेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत.

दुसरे कारण थोडे आडवळणाचे आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ असे मार्ग आखलेले आहेत. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे तयार झालेली कार्डे पहिले ११ मार्गच ऐकतात. परदेशातून आलेल्या नातेवाइकाने दिलेला लॅपटॉप असेल आणि राउटरने १२ किंवा १३ वा मार्ग धरला असेल, तर इतरांना दिसणारे नाव त्याला दिसत नाही. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ हा मार्ग कायमचा ठरवून द्यावा. हे तीन मार्ग एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून तसेही तेच सोयीचे.

तिसरी खूण : नाव दिसते, पण आत घेत नाही

संकेतशब्द बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर दोघांची कुलपे जुळत नाहीत असे समजावे. वायफायच्या ८०२.११ या मानकाबरोबर १९९७ साली ‘वेप’ नावाचे कूटलेखन आले. त्यातील मूलभूत त्रुटी २००१ मध्ये उघड झाल्या. मग २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’, २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ आले. राउटर केवळ तिसऱ्या पिढीचे कुलूप मागत असेल आणि लॅपटॉपला दुसऱ्याचीच ओळख असेल, तर दार उघडणार नाही. राउटरवर ‘डब्ल्यूपीए-२’ ठेवले की काम होते.

येथे एक इशारा द्यायला हवा. यंत्र फारच जुने असले की ‘राउटरवर वेप लावा किंवा संकेतशब्दच काढून टाका’ असा सल्ला मिळतो. तो मानू नये. एका यंत्रासाठी सगळ्या शाळेचे दार उघडे टाकण्यासारखे ते आहे; वेपचे कुलूप आज काही मिनिटांत फोडता येते. त्यापेक्षा यूएसबीत बसणारे लहान वायफाय यंत्र काहीशे रुपयांत मिळते, ते लावावे. आतले कार्ड खराब झाले असेल तरी हाच उपाय लागू पडतो. विकत घेण्यापूर्वी आपल्या कार्यप्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर आहे याची खात्री मात्र करावी.

चौथी खूण : जोडले जाते, पण पाने उघडत नाहीत

हा दोष सर्वांत फसवा. रेडिओ चालू, कुलूप उघडलेले, तरी प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडते. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालावे म्हणून आत ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की यंत्र स्वतःला वीस वर्षे मागे समजू लागते. संकेतस्थळाच्या ओळखपत्रावर वैधतेची मुदत लिहिलेली असते. यंत्राच्या मते ते ओळखपत्र अजून लागूच झालेले नाही, म्हणून ते नाकारते. तारीख दुरुस्त करावी, सेल बदलावा.

तारीख बरोबर असूनही हेच होत असेल, तर कार्यप्रणाली जुनी झाली असे समजावे. ओळखपत्रांवर शिक्कामोर्तब करणाऱ्या मूळ संस्थांची यादी यंत्रात साठवलेली असते आणि तिलाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक बहुप्रचलित मूळ ओळखपत्र कालबाह्य झाले आणि जगभरची अनेक जुनी यंत्रे अडली. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा यंत्रावर हलके लिनक्स बसवणे हा उत्तम मार्ग. अगदी जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी डेबियन १२ चालते. १३ व्या आवृत्तीत अशा यंत्रांसाठी स्थापना-संच राहिलेला नाही.

कृष्णविवरापासून वायफायपर्यंत

आण्याहून फार दूर नसलेल्या खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आहे हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. वायफाय आणि रेडिओ-खगोलशास्त्र यांचे नाते मात्र फारसे कोणाला माहीत नसते.

१९७० च्या दशकात स्टीफन हॉकिंग यांनी लहान कृष्णविवरे बाष्पाप्रमाणे विरून शेवटी स्फोट पावतील असे मांडले. त्या स्फोटांतून निघणाऱ्या रेडिओलहरींच्या क्षीण ठोक्यांचा शोध घेणाऱ्यांत जॉन ओ’सलिव्हन हे अभियंते होते. ठोके काही सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या लहरींतून मूळ संकेत वेगळा काढण्याचे गणित त्यांच्या हाती आले. पुढे ऑस्ट्रेलियातील ‘सीएसआयआरओ’ या संस्थेत त्यांनी व सहकाऱ्यांनी ते खोलीतल्या बिनतारी जाळ्यासाठी वापरले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले.

अडचण होती प्रतिध्वनीची. खोलीत लहर भिंतींवरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी, थोडी मागेपुढे पोचते. घुमणाऱ्या सभामंडपात भराभर बोलले तर शब्द शब्दांवर चढतात; सावकाश बोलावे तर वेळ फार जातो. मग पन्नास जणांनी वेगवेगळ्या स्वरांत, प्रत्येकाने सावकाश, मजकुराचा आपापला भाग म्हटला तर? वायफायच्या ‘ए’ आणि ‘जी’ प्रकारांत नेमके असेच ५२ सूर असतात. प्रत्येक उच्चारानंतर सेकंदाच्या ०.८ दशलक्षांश भागाएवढी उसंत ठेवलेली असते. तेवढ्या वेळात प्रकाश २४० मीटर जातो. म्हणजे तितके जादा अंतर कापून आलेला प्रतिध्वनीही पुढच्या उच्चारात मिसळत नाही. २००३ च्या ‘जी’ प्रकारातले कार्ड सेकंदाला ५४ दशलक्ष बिट्‌सचा वेग सांगते. प्रत्यक्षात २० मिळाले तरी १० मेगाबाइटचे पाठ्यपुस्तक चार सेकंदांत उतरते. शाळेला यापेक्षा अधिक काय हवे?

खोडदला अँटेनांचे संकेत मुख्य इमारतीत आणले जातात ते बिनतारी नव्हे, तर प्रकाशतंतूंनी. क्षीण लहरी ऐकणाऱ्याला आसपास रेडिओचा गोंगाट नको असतो. आपणही जेथे राउटर शेजारीच आहे तेथे तारच जोडावी हे बरे.

वर्गात करून पाहा

चालू झालेला लॅपटॉप हे प्रयोगाचे साधन आहे. लहरींची तीव्रता ‘डीबीएम’ या एककात दाखवणारी आज्ञावली त्यात बसवावी. मोबाइलचा हॉटस्पॉट मैदानात एका स्टुलावर ठेवून ५, १०, २० आणि ४० मीटरवर प्रत्येकी दहा नोंदी घ्याव्यात व सरासरी काढावी. अंतर दुप्पट झाले की आकडा सुमारे ६ ने खाली यायला हवा, कारण तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. मग मोबाइल कोरड्या गोणपाटात, ओल्या गोणपाटात आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून पुन्हा मोजावे. नोंदी नेमक्या सहाने उतरल्या नाहीत तर त्या टाकून देऊ नयेत. जमिनीवरून, शाळेच्या भिंतीवरून परतलेल्या लहरींचा तो परिणाम आहे, आणि तो कोठून आला हे मुलांनी शोधून काढावे. आपल्या नोंदींचे तक्ते आम्हाला जरूर पाठवावेत.