मद्रासच्या आकाशातील ‘आशिया’

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान जे असंख्य खडकाळ पिंड सूर्याभोवती फिरतात त्यांना लघुग्रह म्हणतात, आणि त्यांच्या या वस्तीला मुख्य पट्टा. त्यातील ६७ क्रमांकाचा ‘आशिया’ हा लघुग्रह नॉर्मन पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून शोधला.

पॉगसन त्याच वर्षी सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून मद्रासला आले होते. त्याआधी ऑक्सफर्डमध्ये त्यांनी तीन लघुग्रह शोधले होते. शिवाय ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या श्रेणीला, म्हणजे ‘प्रतीं’ना, त्यांनी पक्के गणिती माप दिले होते: एका प्रतीच्या फरकाने तेज सुमारे २.५१२ पट बदलते. लघुग्रहांच्या शोधाशी या मापाचा निकटचा संबंध आहे, कारण दुर्बिणीतून लघुग्रह मंद ताऱ्यासारखाच केवळ ठिपका दिसतो आणि नकाशात नसलेला ठिपका हेरायचा तर त्या भागातील प्रत्येक ताऱ्याचे स्थान व प्रत ठाऊक असावी लागते. एवढ्याने काम भागत नाही. सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना असा लघुग्रह एका दिवसात पूर्णचंद्राच्या रुंदीच्या साधारण निम्म्याने सरकतो, म्हणून पुढच्या रात्री तो ठिपका शेजारच्या ताऱ्यांमधून हललेला आढळला, तरच शोध पदरात पडतो. छायाचित्रणाचा आधार नसताना, निव्वळ डोळ्यांनी केलेले हे काम चिकाटीचे होते आणि त्याला नशिबाचा खेळ म्हणणे अन्यायाचे ठरेल.

आशियाची कक्षा लंबवर्तुळाकार असून सूर्यापासून तिचे सरासरी अंतर पृथ्वीच्या २.४२ पट, म्हणजे सुमारे ३६ कोटी किलोमीटर आहे. मात्र सूर्याला सर्वांत जवळच्या, म्हणजे उपसूर्य बिंदूशी ते साडेएकोणतीस कोटींपर्यंत उतरते, तर सर्वांत दूरच्या अपसूर्य बिंदूशी जवळजवळ ४३ कोटींपर्यंत वाढते. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी या कक्षेचा कल ६ अंशांचा आहे. एका प्रदक्षिणेस सुमारे १३७५ दिवस लागतात आणि मंगळाची प्रदक्षिणा ६८७ दिवसांची असल्याने, आशियाची एक फेरी होते तेवढ्यात मंगळाच्या जवळजवळ बरोबर दोन फेऱ्या होतात, ही या कक्षेची सर्वांत लक्षणीय गोष्ट होय.

त्या काळी लघुग्रहांना ग्रीक-रोमन पुराणांतील स्त्रियांची नावे देण्याचा प्रघात होता. आशिया खंडातून शोध लागलेला हा पहिलाच लघुग्रह असल्याने पॉगसन यांनी खंडाचे नाव निवडले, आणि ग्रीक पुराणात ‘आशिया’ नावाची जलदेवताही असल्यामुळे प्रघातही पाळला गेला. एकाच शब्दात दोन्ही हेतू साधणारी ही निवड मोठी समर्पक म्हणावी लागेल.

पुढे मद्रासहूनच पॉगसन यांनी सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा हे लघुग्रह शोधले. त्यानंतर भारतातून नवा लघुग्रह सापडण्यास १९८८ साल उजाडावे लागले. मद्रास वेधशाळेचा वारसा सांगणाऱ्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कावलूर येथील वेधशाळेत आर. राजमोहन यांनी तो शोधला आणि ४१३० क्रमांकाच्या त्या लघुग्रहाला गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे नाव देण्यात आले.